मैदानावरील विद्या : शारीरिक शिक्षणाचे अध्ययन आणि व्यवसायाची पूर्वतयारी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते या शाळेत खेळाचे शिक्षक होते. स्मृतिव्याख्यानासाठी बहुधा साहित्य, इतिहास वा अध्यात्म असे विषय निवडले जातात. खेळाच्या मास्तरांची आठवण खेळाविषयी बोलूनच करावी असे आपल्या समितीला वाटले, याबद्दल मी समितीचा ऋणी आहे. दहावी-बारावीच्या मुलामुलींना उपयोगी पडेल असे काही सांगा, अशी सूचना मला पत्रातून करण्यात आली होती. म्हणून आज मी व्यायामाचे माहात्म्य सांगणार नाही; ते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. खेळाडूच्या शरीराची काळजी घेणे आणि त्याला घडवणे ही एक विद्या आहे, ती विद्यापीठात शिकता येते आणि तिच्यावर पोटही भरता येते, मात्र ते सहज भरत नाही, एवढ्यापुरताच माझा विषय मर्यादित आहे.

प्रथम शब्दांचा थोडा घोळ निस्तरला पाहिजे. आपल्याकडे खेळाशी संबंधित जो कोणी असेल त्याला 'पीटी सर' म्हणून आपण मोकळे होतो. निजामी राजवटीत तो 'ड्रिल मास्टर' होता, महाराष्ट्राच्या कागदपत्रांत तो 'शारीरिक शिक्षण शिक्षक' झाला, आणि आपल्या कर्नाटकातील शाळांच्या वेळापत्रकात 'दैहिक शिक्षण' असा शब्द आहे. माणूस एकच, नावे चार. परंतु खेळाच्या जगात आता वेगवेगळी माणसे वेगवेगळी कामे करतात. शाळेत सर्व मुलांना हालचालीचे शिक्षण देणारा तो शिक्षक. एका खेळातील कौशल्य आणि डावपेच शिकवणारा तो प्रशिक्षक, म्हणजे कोच. आणि तिसरा एक आहे. खेळाडूला दुखापत होऊ नये म्हणून त्याचे शरीर तयार करणारा, दुखापत झालीच तर पहिल्या पाच मिनिटांत योग्य ते करणारा आणि पुढे त्याला पुन्हा मैदानावर केव्हा उतरवायचे हे डॉक्टरांच्या संगतीने ठरवणारा. अमेरिकेत याला अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणतात. तेथे या मंडळींची राष्ट्रीय संघटना १९५० साली स्थापन झाली, १९९० साली तेथील वैद्यकीय संघटनेने या कामाला आरोग्यसेवेतील व्यवसाय म्हणून मान्यता दिली, आणि आता तर या व्यवसायात शिरण्यासाठी तेथे पदव्युत्तर पदवी लागते. आपल्याकडे या तिसऱ्या माणसाला अजून रूढ मराठी नाव नाही. नाव नसते तेथे बहुधा जागाही नसते. शाळेच्या पटावर तर ती नाहीच. म्हणून आपल्या भागात ही तिन्ही कामे एकाच पीटी सरांच्या गळ्यात पडतात, आणि त्यांना मुख्याध्यापक परीक्षेच्या बैठकव्यवस्थेचे कामही देतात ते वेगळेच!

ही विद्या आपल्याला परकी आहे असे मात्र कोणी समजू नये. आखाड्यातील उस्तादाला मालीश येत असे, उतरलेला खांदा बसवता येत असे, आणि कोणत्या पठ्ठ्याला किती जोर-बैठका सोसतील हेही कळत असे. बडोद्याचे राजरत्न प्राध्यापक माणिकराव हे याचे ठळक उदाहरण. जुम्मादादांचे हे शिष्य व्यायामाचे जसे आचार्य होते, तसेच हाडे व सांधे यांच्या उपचारांतही निष्णात होते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या जगन्नाथ गणेश गुणे नामक तरुणाने पुढे एक वेगळीच वाट चोखाळली. तेच स्वामी कुवलयानंद. उड्डियान आणि नौली या क्रिया करताना पोटाच्या पोकळीत नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रे लावून तपासले, आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. गुरूने सांगितले म्हणून ते खरे, या जागी मोजून पाहिले म्हणून ते खरे, असा पालट येथे घडला. माझ्या मते आपल्या भाषेच्या प्रदेशात शारीरिक शिक्षण आखाड्यातून विद्यापीठाकडे निघाले ते या क्षणी.

अमरावतीची कथा याहून निराळी. वैद्य बंधूंनी १९१४ साली तेथे हनुमान आखाडा काढला. त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. या मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत गेले आणि मल्लखांब, कबड्डी यांसारख्या आपल्या खेळांची प्रात्यक्षिके त्याने तेथे करून दाखवली. मला या मंडळाचे अधिक कौतुक वाटते ते वेगळ्या कारणाने. मैदानी कसरतींच्या टाळ्यांवर न थांबता त्यांनी शिक्षक तयार करण्याचे रूक्ष काम हाती घेतले, आणि १९६७ साली पदवी महाविद्यालयही काढले. गावोगावच्या शाळांतून जे खेळाचे मास्तर आपण पाहिले, त्यांतील कित्येकांच्या प्रमाणपत्रावर अमरावतीचे नाव असे. त्याच काळात बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड मराठीत सिद्ध केले. १९३६ ते १९४९ अशी तेरा वर्षे हे काम चालले. शरीरविद्येवर एवढा प्रपंच मराठीत मांडला गेला आहे, हे आज आपल्या पदवीधर शिक्षकांनाही ठाऊक नसते.

आता आपल्या घराजवळ येऊ. मन्नाएखेळ्ळी हे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे गाव. येथला माणूस कन्नड, मराठी, उर्दू आणि थोडी तेलुगू अशा चार भाषांत बाजार करतो. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या संस्थानात होतो आणि १९५६ च्या नोव्हेंबरात म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आलो. त्या काळी शिक्षणासाठी आपले तोंड हैदराबादकडे असे. त्या शहरात १९३१ सालीच शारीरिक शिक्षणाचे सरकारी महाविद्यालय निघाले होते. भारतातील अशा प्रकारचे पहिले महाविद्यालय हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला वाय. एम. सी. ए. तर्फे काढले होते. त्यानंतर केवळ अकरा वर्षांनी हैदराबादेत ही सोय झाली. मुंबई इलाख्यात कांदिवलीची सरकारी संस्था १९३८ ची. म्हणजे ज्याला मागास म्हणून हिणवले गेले त्या संस्थानात हे शिक्षण मुंबईच्याही आधी आले.

आणि त्या हैदराबादने एक असा शाळामास्तर दिला की ज्याचे नाव या सभागृहातील प्रत्येक मुलाला ठाऊक असावे. सय्यद अब्दुल रहीम. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली, हैदराबादच्या पोलीस संघाला फुटबॉल शिकवले, आणि १९५० पासून ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, ही त्यांची कमाई. भारतीय फुटबॉलला तेथवर पुन्हा कधी पोहोचता आले नाही. १९६२ च्या जकार्ता स्पर्धेच्या वेळी त्यांना कर्करोगाने गाठले होते. पुढच्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. एका शाळामास्तराने पदविकेच्या बळावर एवढे केले, ही गोष्ट आपल्या पूर्वीच्याच मुलखातली आहे, दूर कुठे इंग्लंडातली नव्हे.

परंतु त्याच जकार्ताच्या अंतिम सामन्यातील एक प्रसंग मला आज मुद्दाम वेगळ्या अर्थाने सांगायचा आहे. बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला त्याच स्पर्धेत जखम होऊन टाके पडले होते. रहीमसाहेबांनी त्यांना बचावातून काढून आघाडीला खेळवले. जर्नेलसिंगांनी अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर गोल केला आणि भारत २-१ असा जिंकला. शौर्याची कथा म्हणून आपण ती सांगतो, आणि ती आहेच. मात्र आजच्या विद्यापीठात हाच प्रसंग शिक्षक वेगळ्या तऱ्हेने शिकवतील. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा मैदानात सोडायचे नाही. नंतरही पायरीपायरीने व्यायाम वाढवत, लक्षणे पुन्हा उद्भवत नाहीत ना हे पाहत, वैद्यकीय संमतीनेच त्याला परत आणायचे. मेंदू सावरण्याआधी दुसरा धक्का बसला तर तो जिवावर बेतू शकतो. रहीमसाहेबांच्या काळी हे ज्ञान कोणाच्याच हाती नव्हते. म्हणून त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. आज ते आहे, म्हणून आपल्याला सवलत नाही.

दुसरे उदाहरण खाशाबा जाधवांचे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, हे मराठी माणसाला पाठ आहे. त्या पलीकडची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. जपानच्या शोहाची इशीशी झालेल्या लांबलेल्या लढतीनंतर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढण्यास बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. तो नियम दाखवून हरकत घेण्यासाठी मॅटच्या कडेला भारताचा एकही अधिकारी नव्हता! थकलेला मल्ल हरला. पुढे १९५६ च्या मेलबर्नची आशा गुडघ्याच्या दुखापतीने संपवली. मला या कथेत दोन रिकाम्या जागा दिसतात. नियम जाणणारा एक माणूस मॅटपाशी नव्हता. आणि गुडघा जाणणारा एक माणूस तालमीत नव्हता. घर गहाण टाकणारा प्राचार्य मिळाला, हे दोघे मिळाले नाहीत. या व्यवसायाची आवश्यकता सांगण्यासाठी मला याहून दुसरा पुरावा देता येणार नाही.

आणि गुडघा आजही तसाच फितूर होतो. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे, तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत राष्ट्रकुल स्पर्धेचे रौप्यपदक २०२२ साली जिंकणारा, २०२५ च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पडला आणि त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. परंतु त्याच्यामागे सैन्य होते, शल्यचिकित्सक होते, पुनर्वसनाची सोय होती. खाशाबांच्या आणि त्याच्या मधल्या सत्तर वर्षांत जे बदलले ते हे. तालुक्याच्या मैदानावर किती बदलले, ते आता पाहू.

अनेक वर्षांपूर्वी आपल्याच भागातील एका गावी कबड्डीचे सामने मी पाहत होतो. एक उमदा चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावताना पाय अडकून पडला. गुडघ्यातून आवाज आलेला आम्ही कडेला बसलेल्यांनी ऐकला. चारजणांनी त्याला उचलले, एकाने पाय धरून ओढला, दुसऱ्याने हळद-चुन्याचा लेप लावला आणि घट्ट फडके बांधले. पुढच्या फेरीत तो पुन्हा उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलाला नंतर सैन्यभरतीच्या धावण्यातून काढून टाकले गेले. आज तो स्वतःचे गॅरेज चालवतो, चार माणसे सांभाळतो. जिना उतरताना मात्र कठडा धरतो. त्या दिवशी मैदानावर दुष्ट कोणीच नव्हता. सगळे त्याच्या भल्यासाठीच धावले होते.

आपल्या बोलीत दुखापतीला केवढे शब्द आहेत पाहा: लचक, मुरगळ, उसण, चमक, मुका मार, पायात गोळा येणे, हाड सरकणे. शब्द नेमके आहेत, पण ते वेदना सांगतात. काय तुटले ते सांगत नाहीत. घोट्याला 'मुरगळ' म्हटले की ती अस्थिबंधाची ताण असेल, तो पूर्ण तुटला असेल, अथवा हाडाला चीर गेली असेल. महाविद्यालयात तुम्हाला हे वेगळे ओळखण्यास शिकवतात. हाडाच्या नेमक्या कोणत्या टोकावर दाबले असता दुखते, माणूस त्या पायावर चार पावले टाकू शकतो की नाही, एवढ्यावरून क्ष-किरण चित्र काढावे की नाही हे बऱ्याच अंशी ठरवता येते. हाडवैद्याची मी टवाळी करणार नाही. आंध्रातील पुत्तूरच्या नावाच्या पाट्या आपल्या रस्त्यांवर सर्वत्र दिसतात, आणि गरिबाला तेथे आधार वाटतो यात नवल नाही. परंतु बांबूच्या कामट्या घट्ट आवळल्याने रक्तपुरवठा तुटून हात गमावलेली मुलेही रुग्णालयांत येत असतात. बोटे गार पडली, काळीनिळी झाली, मुंग्या येऊ लागल्या तर पट्टी तत्काळ सैल करावी, एवढे तरी प्रत्येक घरी ठाऊक हवे.

ही विद्या स्थिर नाही, हेही सांगितले पाहिजे. १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि अवयव उंच ठेवणे हे चार उपाय एका सूत्रात बांधले, आणि जगभर ते पाठ झाले. पुढे त्याच मर्किन यांनी लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरे होण्यास उलट विलंब लागू शकतो. आज लवकर आणि बेताची हालचाल सुरू करण्याकडे कल आहे. आपली पदवी वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकावर विसंबून राहिली तर ती पदवी जुनी होते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे.

काही गोष्टी मात्र पक्क्या आहेत. नॉर्वेमध्ये २००८ साली एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. सव्वाशे फुटबॉल क्लबांतील तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींपैकी काहींना सरावापूर्वी वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम दिला: धावणे, पोट व मांड्यांची ताकद, एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न वळवता नीट उतरणे. त्या मुलींच्या दुखापती सुमारे एकतृतीयांशाने कमी झाल्या, आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने. यासाठी यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. आपल्या शाळेच्या लाल मातीच्या मैदानावर उद्या सकाळी हे करता येईल. लागतो तो हे नेमाने करवून घेणारा शिक्षक.

उन्हाची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. चैत्र-वैशाखात आपल्याकडे स्पर्धा भरवण्याची हौस फार. धावता धावता मुलगा बरळू लागला, तोल गेला, अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. तेथे मोटार शोधण्यात वेळ दवडायचा नाही. आधी थंड करायचे, नंतर हलवायचे. पाण्याच्या हौदात मानेपर्यंत बसवावे, डोके कोणीतरी धरून ठेवावे. हौद नसेल तर पाण्याने भिजवून वारा घालावा आणि ओल्या चादरी सारख्या बदलाव्यात. बीदरचे रुग्णालय येथून काही अंतरावर आहे, आणि पहिल्या अर्ध्या तासातच बरेचसे ठरून जाते. तसेच हृदय थांबल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहणे. हे शिकायला एक दुपार पुरते. प्रत्येक पदवीधर क्रीडाशिक्षकाला हे हातांनी करता आले पाहिजे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिता येणे वेगळे.

आता अभ्यासक्रमांकडे वळतो. पालकांचा प्रश्न साधा असतो : यात काय शिकवतात आणि पुढे काय? बारावीनंतर शारीरिक शिक्षणाची तीन वर्षांची पदवी आहे. कोणत्याही शाखेची पदवी असलेल्यास बी. पी. एड. करता येते. पूर्वी ते एका वर्षाचे होते, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी ते दोन वर्षांचे झाले. पुढे दोन वर्षांचे एम. पी. एड. प्रवेशासाठी गुणांबरोबर धावणे, उडी, फेक अशा मैदानी चाचण्या असतात. जो मुलगा अभ्यासात मागे पडला म्हणून पालक त्याला इकडे पाठवू पाहतात, त्याची खरी पंचाईत येथेच होते. आत गेल्यावर शरीररचना, शरीरक्रिया, हालचालींचे यांत्रिक शास्त्र, मानसशास्त्र, मापन आणि संख्याशास्त्र, क्रीडावैद्यक व पुनर्वसन हे विषय पुढ्यात येतात. ढुंगणावर पाच मिनिटे न टिकणाऱ्यासाठी हा मार्ग नव्हे, असे मी जरा खेडवळ शब्दांत सांगतो, क्षमा असावी.

ज्याला केवळ प्रशिक्षक व्हायचे आहे त्याच्यासाठी पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून आहे; तेथील पदविकेला आजही मान आहे. शारीरिक शिक्षणाचे उच्च अध्ययन करायचे तर ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था, जी १९५७ साली, सत्तावनच्या उठावाच्या शताब्दीच्या वर्षी निघाली. आणि मी ज्या 'तिसऱ्या माणसा'विषयी बोललो त्याच्यासाठी आपल्या देशातील रस्ता बहुतांशी भौतिकोपचाराच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीतून जातो. बारावीला जीवशास्त्रासह विज्ञान लागते, आणि पुढे क्रीडा-भौतिकोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेता येते. ही निवड दहावीतच होते. अकरावीला कला शाखा घेऊन मग 'मला फिजिओ व्हायचे आहे' म्हणणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांना कोणी वेळेवर सांगितलेच नव्हते. म्हणून आज सांगतो.

आपल्या जिल्ह्यासाठी आणखी एक गोष्ट. घटनेच्या ३७१ (जे) कलमान्वये कल्याण कर्नाटकातील स्थानिक उमेदवारांना राज्यातील शिक्षणात व सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा मिळतात. त्यासाठीचे प्रमाणपत्र शेवटच्या आठवड्यात तहसीलदार कचेरीत धावून मिळत नसते. ते आधीच काढून ठेवावे. मराठी माध्यमाच्या मुलांनी कन्नड टाळू नये. येथील शाळेत नोकरी करायची तर ते लागणारच, आणि मैदानावर पोरांना आज्ञा देताना ती त्यांच्या भाषेतच द्यावी लागते. वरच्या वर्गातील ग्रंथ इंग्रजीत असतात, तेही खरे. म्हणजे या भागातील मुलाला तीन भाषांचे ओझे आहे. बाजारात चार भाषा बोलणाऱ्या गावाने त्याचा फार बाऊ करू नये.

नोकरीचे काय? येथे मला गोड बोलणे प्रशस्त वाटत नाही. शाळांत मंजूर जागा थोड्या, भरती वर्षानुवर्षे रखडलेली, खाजगी संस्थांत मानधन तुटपुंजे. बी. पी. एड. झालेले कित्येक तरुण अतिथी शिक्षक म्हणून दरवर्षी नव्याने अर्ज करताना दिसतात. दुसऱ्या बाजूस २०१४ पासून प्रो कबड्डी, २०२२ पासून खो-खोची लीग, २०१८ पासून खेलो इंडियाच्या स्पर्धा, आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक, यांमुळे देशी खेळांभोवतीही तज्ज्ञांची गरज उभी राहिली आहे. मातीवरची कबड्डी गादीवर गेली तशा दुखापतीही बदलल्या. गादीला बूट धरतो आणि वळताना गुडघा पिळतो. हे जाणणारी माणसे त्या संघांना हवी असतात. पण त्या जागा मोजक्या आहेत आणि पदवीच्या कागदावर मिळत नाहीत. म्हणून विद्यार्थिदशेतच एक वही ठेवावी. ज्या ज्या सामन्याला जाल तेथे कोणाला, कोणत्या क्षणी, कोणती दुखापत झाली, कोणी काय केले, तो किती दिवसांनी परतला, हे लिहीत जावे. तीन वर्षांत ती वही कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा बोलकी होते. एका खेळाचे पंच म्हणून परीक्षा द्यावी. उन्हाळ्यात एखाद्या रुग्णालयाच्या अस्थिविभागात बाकावर बसून नुसते पाहावे. आणि उत्तेजक द्रव्यांचा कायदा वाचावा. २०२२ साली संसदेने तो केला आहे. तालमीत आणि व्यायामशाळांत विकली जाणारी भुकटीची डबी कोणी विचारल्याशिवाय उघडते, आणि बंदी मात्र खेळाडूवर येते.

मुलींविषयी बोलल्यावाचून हे व्याख्यान अपुरे राहील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या शंभरातील सत्तावन्न स्त्रियांना रक्तक्षय आढळला. धावताना दम लागणाऱ्या मुलीला 'आळशी' म्हणण्याआधी तिचे रक्त तपासावे. त्याच खेळात मुलींच्या गुडघ्याचा अस्थिबंध मुलांपेक्षा अधिक वेळा तुटतो, हेही आता सर्वमान्य आहे. मासिक पाळी थांबली हे ती पुरुष शिक्षकाला सांगेल का? नाही सांगणार. आणि ती थांबणे हे पुष्कळदा व्यायामाच्या मानाने अन्न कमी पडत असल्याचे, पुढे हाडे ठिसूळ होण्याचे चिन्ह असते. म्हणून या व्यवसायात स्त्रियांची गरज पुरुषांहून तातडीची आहे. येथे बसलेल्या आयांना माझी विनंती आहे की मुलगी बी. पी. एड. करते म्हणाली तर 'लग्नाच्या बाजारात कोण विचारील' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा.

संस्थेच्या चालकांना एक सूचना करतो, ती त्यांनी रागावून न घेता विचारात घ्यावी. गुरुजींच्या नावे दरवर्षी व्याख्यान होतेच. त्याच निधीतून एक पेटी घ्यावी : पट्ट्या, लाकडी आधार, कात्री, स्ट्रेचर. मैदानाजवळ पाण्याचा हौद भरलेला असावा. फाटकाची किल्ली कोणाकडे, वाहन कोणाचे, बर्फ बाजारातील कोणत्या शीतपेयाच्या दुकानातून, रुग्णालयात दूरध्वनी कोण करील, जखमी मुलाजवळ कोण थांबेल, हे एका कागदावर लिहून तो कागद क्रीडासाहित्याच्या खोलीच्या दारावर चिकटवावा. आणि सत्राच्या आरंभी एकदा त्याची रंगीत तालीम घ्यावी. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी डॉक्टर असतील, परिचारिका असतील. त्यांनी वर्षातून एक दुपार द्यावी. हे सर्व या महिन्यातच होऊ शकेल, कारण यात मंजुरीसाठी बेंगळूरला जावे लागेल असे काहीही नाही.

उद्या सकाळी नऊपर्यंत मी येथेच आहे. ज्या विद्यार्थ्यांना प्रवेशाची माहितीपत्रके पाहायची आहेत त्यांनी सातनंतर मैदानावर यावे, पायात बूट घालून यावे, आणि शक्यतो पालकांनाही सोबत आणावे. तो वीस मिनिटांचा व्यायाम आपण आधी करू, कागद नंतर पाहू.